रिठदचं नाक

आमच्या घरी वहिनी आली आणि वावरात पुदिना काढणीला आला, या दोन्ही गोष्टी एकाच उन्हाळ्यातल्या. त्यामुळे आजही कुणी पुदिन्याचं नाव काढलं की मला पान आठवत नाही, वहिनी आठवते. माजघराच्या दारात पदर सावरून बसलेली, पितळेची डबी नाकाशी धरलेली, आणि कपाळावर घामाचा एक थेंब नाही. तिच्यासमोर मी उभी, पायाला चिखल, हाताला हिरवे डाग, घामानं चिंब. हे चित्र इतक्या वर्षांत पुसट झालेलं नाही, आणि खरं सांगायचं तर मी ते पुसट होऊ दिलेलं नाही.

पुदिन्याचं खूळ बाबांचं. मंगरूळला बाजाराच्या दिवशी चहाच्या टपरीवर त्यांना वरच्या मुलखातला एक ट्रकवाला भेटला. त्यानं खिशातली शिशी उघडून त्यांना हुंगायला दिली. बाबा घरी आले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते आणि तोंडात दुसरा विषय नव्हता. हा चटणीचा पुदिना नव्हे, तेलाचा. याचं तेल मलमात जातं, खोकल्याच्या गोळीत जातं, दात घासायच्या पेस्टमध्ये जातं. कापूस आणि तूर यांच्यापलीकडे न पाहिलेल्या आमच्या गावात लोक हसले. भाऊ मानोऱ्याला एका दुकानात कामाला होता, शनिवारचा यायचा आणि सोमवारी पहाटेच्या बसनं जायचा. त्यानं अंग काढून घेतलं. उरले मी. दहावीनंतर माझी शाळा सुटली होती आणि घरात मन लागत नव्हतं. ओल्या पोत्यांत गुंडाळलेल्या मुळ्या आल्या त्या दिवशी बाबा मला म्हणाले, "वने, चाल. तुह्याशिवाय कोन हाय मले?" या एका वाक्यावर मी त्या हिवाळ्यात ढोरासारखी राबले. मुळ्यांचे बोटभर तुकडे करून आम्ही दोघांनी विहिरीखालच्या तुकड्यात सऱ्यांमध्ये टाकले, वर माती ओढली, पाणी सोडलं. निंदणही मीच केलं. संध्याकाळी बांधावर बसून एका फडक्यातली भाकर आणि मिरचीचा ठेचा खाताना ते मला पुढच्या गोष्टी सांगत, आणि त्या गोष्टींत "आपुन" असा शब्द असे. तो शब्द माझा होता.

तेल काढायची टाकी मंगरूळच्या वेल्डिंगवाल्याकडून करून आणली आणि विहिरीजवळच्या बांधावर बसवली. खाली चूल, टाकीच्या बुडाला पाणी, त्यावर लोखंडी जाळी, जाळीवर कापून सुकवलेला पाला. पाला दाबायला मीच टाकीत उतरत असे. बाहेर वैशाखाचं ऊन आणि आत माझे पाय गारठलेले. घोट्यापर्यंत अशी थंडी चढायची की दात वाजावेत. मग झाकण. झाकणाची फट बाबांनी पहिल्यांदा आपल्या काळ्या मातीनं लिंपली, आणि चूल पेटल्यावर त्या मातीला उन्हाळ्यातल्या वावरासारख्या भेगा पडून सगळी वाफ भसाभसा बाहेर गेली. नंतर मायनं उडदाचं पीठ भिजवून दिलं, ते चिकट पीठ बरोबर बसलं. माय रोज पीठ भिजवताना कुरकुरायची, "या टाकीले माह्या लेकरांपेक्षा जास्त उडीद लागून राह्यले." वाफ नळीतून पाण्याच्या हौदातून फिरून थंड होऊन भांड्यात पडे, आणि पाण्यावर पिवळसर तेल तरंगे. पहिला घाणा निघाला तेव्हा बाबांनी बोट बुडवून माझ्या कपाळाला लावलं. कपाळ संध्याकाळपर्यंत गार होतं.

चैत्रात भाऊचं लग्न झालं होतं आणि वहिनी रिठदहून आमच्याकडे नांदायला आली होती. गोरी, बारीक अंगाची, फार कमी बोलणारी. मला ती आली तेव्हा आवडलीही होती. तिच्या हातचं अंबाडीचं भरीत चांगलं होत असे, फक्त दूध हटकून उतू जाई किंवा बुडाला लागे. माय म्हणे, नवी आहे, ध्यान माहेरी असेल.

तर पहिल्या काही घाण्यांचा डबा भरल्यावर मंगरूळचे शेठजी तो पाहायला आले. किराण्याचं जुनं दुकान असलेले जैन गृहस्थ; तेल पुढे घाऊक व्यापाऱ्याला पोचवायचं त्यांनी कबूल केलं होतं. त्यांनी झाकण उघडलं, नाक पुढे केलं आणि मान हलवली. "पाटील, हे करपलं."

बाबांनी हुंगलं, मी हुंगलं. आम्हाला नुसता पुदिना. टाकी उघडून पाहिली तर जाळी एका बाजूला कलून पाला बुडाला चिकटलेला, काळा ठिक्कर. इतके दिवस आम्हा दोघांपैकी कुणालाच ते कळलं नव्हतं. आमच्या गोधड्यांना पुदिन्याचा वास होता, ताकाला होता, केसांना होता. नाकात दुसऱ्या कशाला जागाच उरली नव्हती. शेठजी हसून म्हणाले, "तुमचं नाक झोपलं पाटील. मले तरी दुकानात बसून हिंगाचा वास कुठी येते? घरातलं एक मानूस पुदिन्यापासून दूर ठेवा. प्रत्येक घाण्याचं त्याले हुंगू द्या. त्यानं बरं म्हनलं तं डब्यात, नाई तं बाजूले."

त्या दिवशी जेवताना मला वाटलं, माझंच नाव निघणार. दोन दिवस घरी बसले की माझं नाक ठिकाणावर येईल, आणि तेलाची पारख माझ्याशिवाय कुणी करावी? मी तसं बोललेही. बाबांनी भाकरीचा तुकडा मोडला. "तू घरी बसली तं टाकी कोन भरन? सूनबाई हाय ना. तिनं अजून वावर बी पाह्यलं नाई. कोरं नाक."

वहिनी वरण वाढत होती. तिचा पळा हवेत थांबला. "मामाजी, मले हे..." एवढंच ती बोलली. मायनं तिला पुढे बोलूच दिलं नाही, "मामाजीनं सांगतलं तं हो म्हन. मोठा मान हाय."

मान. मी उरलेली भाकर ताटातच ठेवून उठले. त्याच आठवड्यात घरात नवे नियम सुरू झाले. वहिनीनं शेताकडे फिरकायचं नाही. तिच्या ताटात कच्चा कांदा नाही, लसूण नाही, ठेचा नाही. तिच्यासाठी साधं वरण, तूप, गोड दही. आमचे शेतातले कपडे गोठ्याच्या दांडीवर, तिचे आतल्या खुंटीवर. वारा विहिरीकडून वाहू लागला की माय तिला म्हणे, "जाय वो बाई, आत बस." सावलीत बसून बसून तिचा रंग आणखी उजळला आणि माझी उन्हानं कातडी निघाली. आणि या सगळ्यावर कळस म्हणजे तिची हरकारी मी. प्रत्येक घाण्याला बाबा कापसाची वात वळत, नळीखाली धरत, मायच्या हळदी-कुंकवाच्या करंड्यासारख्या एका पितळी डबीत ठेवत आणि डबी माझ्या हातात देत. मी नाला ओलांडून, मोकळ्या तापल्या वावरांतून, शाळेच्या मागून घरी जायची. मी डबी उघडून पुढे करायची, वहिनी ती घ्यायची, नाकाशी धरायची, आणि हळूच म्हणायची, "बरं हाय," किंवा "जराक करपलं, ताई." ते शब्द घेऊन मी त्याच उन्हातून परत. ती करपलं म्हणाली की बाबा लगेच चूल मंदावत, पाणी वाढवत, ते तेल वेगळ्या डब्यात टाकत. तिचा शब्द म्हणजे कोर्टाचा निकाल.

मी जळत होते. याला दुसरा सभ्य शब्द मला माहीत नाही आणि शोधायचाही नाही. बाबा गावात सांगत फिरत, "आमच्या घरी रिठदचं नाक हाय." बांधावरच्या जेवणात "आपुन" कमी झालं आणि "सूनबाई" वाढली. मी टाकीत उतरून पाला तुडवताना प्रत्येक पावलाला तिचं नाव घेत असे. मग मी ठरवलं, हिला एकदा तरी चुकीत पकडायचं. घराच्या दारातल्या कडूलिंबाखाली आले की मी डबी उघडून स्वतः हुंगत असे, मनात माझा निकाल ठरवत असे, आणि मग आत जाऊन तिचा निकाल ऐकत असे. ती कधीही चुकली नाही. जे मला वाटे तेच ती म्हणे, शब्दाला शब्द. एकदा मी न राहवून बाबांना म्हटलं, "बाबा, मले बी समजते ना. वावरातून घरी जाईपर्यंत माहं नाक उघडते."

"तुहं नाक अख्खं पुदिन्यात बुडालं, पोरी," बाबा म्हणाले. "तू तिचं आयकून म्हनत असशीन."

माझी नात परवा मला विचारत होती, आजी, तुला पेपरमिंटची गोळी का आवडत नाही. मी सांगितलं, दात दुखतात.

एक दिवस दुपारी मी डबी घेऊन आले. माय शेजारी कुरड्या घालायला गेली होती. लिंबाखाली डबी उघडली आणि मला वाटलं, घाणा पुरता करपला. मग ध्यानात आलं की हा वास डबीतला नाही, घरातला आहे. करपलेल्या तुरीचा, असा दाट की घशात बसावा. मी धावत आत गेले. चुलीवर वरणाचं भांडं झाकण ठेवून मंद आचेवर जळत होतं, आणि त्याच्यापासून हातभर अंतरावर वहिनी पाटावर बसून शांतपणे तांदूळ निवडत होती. मला पाहून तिनं हात पुसला आणि पुढे केला. "आनली का डबी?"

मी डबी दिली नाही. "वयनी, वरन करपलं."

तिनं चुलीकडे पाहिलं, भांडं उतरवलं, झाकण काढलं. मग ती माझ्याकडे वळली तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता. दूध का उतू जातं, का लागतं, ते मला त्या एका क्षणात उमगलं.

"तुमाले वास येत नाई," मी म्हटलं.

"लहानपनी ताप आलता मोठा. तवापासून नाई येत. कोनताच."

"मंग इतके दिवस कसं सांगत होत्या?"

ती खाली बघत म्हणाली, "तुमच्या तोंडाकडे पाहून. करपलं असलं का तुमच्या नाकाजवळ आठी पडते. तुमाले नाई समजत, पन पडते." मग तिनं माझा हात धरला. तिचा हात गार होता. "मी पयल्याच दिवशी सांगनार व्हती, ताई. कोनी बोलू नाई देलं. आता सांगतलं तं म्हनतीन, पोरीत खोट व्हती, रिठदवाल्यानं लपवून देली. मले वापस धाडतीन."

तिची दया यायला हवी होती, आणि पुढे बऱ्याच वर्षांनी ती आलीही. कोरोनात मला स्वतःला वास येईनासा झाला, कांदा परतला काय आणि माती परतली काय एकच, तेव्हा मी पहिला फोन वहिनीलाच केला. ती पलीकडून हसली आणि म्हणाली, "समजलं का आता, ताई?" पण त्या दुपारी मला दया आली नाही. मला आनंद झाला. रिठदचं नाक मुळात माझंच होतं. बाबा सगळ्या गावाला ज्याचं कौतुक सांगत होते ते माझ्या दोन भुवयांच्या मधोमध होतं. मी तिला हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. हात सोडवून घेतला आणि वावरात निघून गेले. त्या दिवशीचा घाणा बरा होता, तो निकाल मी वाटेत माझा मीच ठरवला.

दुसऱ्याच दिवशी दुपारी शेठजी सगळं तेल पाहायला आले. बाबांनी ओसरीवर डबे ओळीनं मांडले होते. मी चहा केला, त्यांच्यासाठी आलं न घालता. चहा पिता पिता ते म्हणाले, "पाटील, तुमच्या सुनेच्या नाकाची लय तारीफ आयकली मंगरुळात. जराक पाहू तं द्या." आणि त्यांनी स्वतःच तीन वाती वळल्या, आमच्याकडे पाठ करून वेगवेगळ्या डब्यांत बुडवल्या. त्यांतला एक डबा करपलेल्या तेलाचा होता, हे सगळ्यांनाच माहीत होतं. कोणती वात त्यातली, ते फक्त त्यांना.

बाबांनी हाक मारली. वहिनी माजघराच्या दारात येऊन उभी राहिली, पदर कपाळापर्यंत. तिनं हळू आवाजात सांगितलं, "ताईच्या हातानं डबीत घालून धाडा. मले तशीच सवय हाय."

मी शेठजींकडून डबी घेतली आणि दाराकडे निघाले. माझी पाठ पुरुषांकडे, तोंड तिच्याकडे. हे तिनं नीट विचार करून मांडलं होतं, आणि त्याचाही मला राग आला. पहिली वात तिच्या नाकाकडे नेता नेता हुंगली, चांगली होती. माझा चेहरा आपोआप सैल असणार, कारण ती म्हणाली, "बरं हाय." दुसरीही बरी. उरली तिसरी. ती जळकी असणार हे कुणालाही कळलं असतं, म्हणून शेठजींनी डबी मागून घेतली, हसत पाठ करून आणखी एक वात चांगल्या तेलात बुडवली, दोन्ही डबीत हलवल्या आणि म्हणाले, "आता या दोनातली सांगा." मी दोन्ही एकेक करून हुंगल्या. करपलेली मला लगेच कळली. आणि त्या क्षणी मी माझा चेहरा दगडाचा केला. कपाळ ताणलं, ओठ मिटले, डोळे तिच्या डोक्यावरच्या चौकटीला लावले. काढ आता काय काढायचं ते.

ती माझ्याकडे पाहत राहिली. मागून बाबांचा आवाज आला, "सांगते, सांगते. घाई नका करू शेठजी. आमच्या घरात तिच्याशिवाय कोनाले काई समजत नाई." ते ऐकून मी आणखी ताठ झाले. तिनं अंदाजानं एका वातीकडे बोट दाखवलं असतं तर निम्मी संधी होती. तिनं तसं केलं नाही. तिनं डबी हातात घेतली, परत माझ्या हातात ठेवली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मामाजी, हे ताईले विचारा. ताईले सांगता येते."

मी वळले. बाबा माझ्याकडे पाहत होते, त्या उन्हाळ्यात बहुधा पहिल्यांदाच सरळ माझ्याकडे. मी एक वात उचलून शेठजींच्या पुढे ठेवली आणि म्हटलं, "हे करपली."

शेठजींनी मांडीवर थाप मारली. "बरोबर. एकदम बरोबर."

या क्षणासाठी मी तो सबंध उन्हाळा जळले होते. बाबा उठले, त्यांचे डोळे भरून आले होते. ते माझ्या जवळ आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि माझ्या डोक्यावरून पलीकडे दाराकडे पाहत म्हणाले, "वा, सूनबाई. पोरीलेही तयार केलं तू." शेठजी म्हणाले, "अशी सून भेटाले नशीब लागते, पाटील." मायनं आतून वहिनीसाठी नवं खणाचं कापड काढून आणलं. आणि बाबा मला म्हणाले, "वने, शेठजीले आनखीन चाय आन."

आता सांगायचं तरी काय आणि कुणाला? तिला वास येत नाही म्हटलं असतं तर सगळे म्हणाले असते, पोरगी जळते. आणि ते खरंही होतं. वहिनीनं मला त्या दिवशी जागा दिली, की जागा देऊन ती कायमची स्वतःकडे ठेवली, यावर मी आजतागायत विचार करते. तिला मी कधी विचारलं नाही. पुढचे दोन हंगाम डबी आणि मी आणि तिचं ते माझ्या कपाळाकडे पाहणं तसंच चाललं. मग माझं लग्न झालं. पुढे विहिरीचं पाणी कमी पडलं, पुदिना गेला, सोयाबीन आलं, आणि टाकी ढोरांच्या पाण्याला ठेवली गेली.

काही वर्षांपूर्वी बाबा खाटेवर पडले तेव्हा मी माहेरी गेले होते. मी त्यांच्या पायाशी बसून पाय चेपत होते, वहिनी उशाशी. बाबांनी उशीखालून एक शिशी काढली. तळाशी त्या पहिल्या वर्षाचं तेल, घट्ट होऊन तांबूस झालेलं. त्यांनी ती पुढे केली. मी हात पुढे करेपर्यंत शिशी वहिनीच्या हातात गेली होती. "सूनबाई, पाह्य बरं. अजून जीव हाय का त्यात?"

वहिनीनं बूच काढलं, शिशी नाकाशी धरली, आणि शिशीच्या वरून माझ्याकडे पाहिलं. वास माझ्यापर्यंत आला होता. कधीच उतरलं होतं ते तेल, रॉकेलसारखा कुजका वास येत होता. मी माझा चेहरा सैल केला, अगदी लिंबाखाली चांगला घाणा हुंगल्यावर व्हायचा तसा.

"जसंच्या तसं हाय, मामाजी," वहिनी म्हणाली.

बाबांनी समाधानानं डोळे मिटले. "तुह्या नाकाले तोड नाई," ते म्हणाले. थोड्या वेळानं त्यांना माझी आठवण झाली. "वने, जराक चाय ठेव."

मी उठले. साठीला आलेली बाई, गुडघे दुखणारी, आणि पोटात तीच आग, टाकीखालची. वहिनी अजून माझ्याकडे पाहत होती. मी तोंड भिंतीकडे फिरवलं आणि तशीच आत गेले.